आधी शी तपासा

पिल्लाचं पोट बिघडणं वेगळं आणि ते बिघडलेलंच राहणं वेगळं. पहिली गोष्ट जवळजवळ अटळ असते. आईपासून तुटलेलं, नव्या घरात आलेलं, चौघांच्या हातून चार प्रकारचं खाल्लेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू एखाद्या दिवशी पातळ शी करणारच. दुसरी गोष्ट अटळ नसते, आणि या प्रकरणाचा विषय ती आहे: तीन-तीन आठवडे, कधी दोन-दोन महिने रेंगाळणारे जुलाब, जे गोळी दिली की थांबतात आणि गोळी संपली की परत येतात. माझं म्हणणं असं की, अंगात तरतरी असलेल्या, खेळत्या-खात्या पिल्लाचे जुलाब असे लांबतात तेव्हा त्यामागे दुर्मीळ आजार क्वचितच असतो. बहुतेकदा उपचारांचा क्रम उलटा झालेला असतो. शेवटी द्यायचं प्रतिजैविक आधी दिलं जातं, आणि शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं पहिलं काम शेवटी होतं किंवा होतच नाही.

छत्रपती संभाजीनगरचा गारखेडा परिसर या प्रश्नाचा विचार करायला सोयीची जागा आहे. मूळ गाव शहराने कधीच पोटात घेतलं. आता सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुल, पुंडलिकनगर, शिवाजीनगर असा रो-हाउस आणि अपार्टमेंटांचा सलग पट्टा आहे. अशा वस्तीत पिल्लू येतं ते बहुधा कुणाच्या तरी ओळखीने किंवा विक्रेत्याकडून, आणि पुष्कळदा वयाचा सव्वा महिना जेमतेम पूर्ण झालेला असताना. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असं श्वान प्रजनन व विक्रीविषयीचे केंद्र सरकारचे 2017 चे नियम सांगतात, पण बाजार तेवढा थांबत नाही. मग ठरलेला प्रवास सुरू होतो. पहिले दोन दिवस दूध-पोळी. तिसऱ्या दिवशी जुलाब. दूध बंद, दही-भात सुरू. शेजारी सांगतात सेरेलॅक द्या. मेडिकलवरून माणसांची गोळी येते, अर्धी करून दिली जाते, दोन दिवसांत शी बांधून येते. आठवडाभराने पुन्हा तेच. आता दुसरी गोळी, मग इंजेक्शन, मग डॉग फूडचा महागातला ब्रँड, आणि तोही मानवत नाही म्हणून चौथ्या दिवशी तिसरा. महिनाभराने या पिल्लाच्या पोटात काय चाललं आहे हे कुणालाच सांगता येत नाही, कारण एका वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात आणि कोणत्या गोष्टीने काय झालं याचा धागा तुटलेला असतो. सुरुवातीचं कारण एव्हाना निघूनही गेलेलं असू शकतं. उरलेलं आपणच घातलेलं असतं.

हा युक्तिवाद ज्या पिल्लाला लागू नाही, त्याच्याविषयी आधी बोललं पाहिजे. जुलाबांबरोबर वारंवार उलटी, शीमध्ये रक्त आणि सडका उग्र वास, खाण्याकडे पाठ, पाणीही न टिकणं, कोपऱ्यात पडून राहणं, हिरड्या फिकट किंवा चिकट होणं, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची पानं नंतर वाचावीत आणि पिल्लू त्याच तासाला डॉक्टरांकडे न्यावं. तिथे पहिला संशय पार्वोचा असतो. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर एकाएकी पसरला आणि तेव्हापासून पिल्लांच्या मोठ्या मारेकऱ्यांपैकी एक राहिला आहे. घराच्या फरशीवर, अंगणातल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. एक लस दिली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्यं सुरुवातीच्या लसींना निष्फळ करू शकतात, म्हणून लसींची मालिका पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत चालू ठेवावी असं जागतिक पातळीवरचे पशुवैद्यकीय मार्गदर्शक सांगतात. पार्वोची झटपट चाचणी विष्ठेच्या नमुन्यावरच होते, आणि ती काही मिनिटांची असते. म्हणजे तातडीच्या प्रसंगीही सुरुवात शी तपासण्यापासूनच होते, फक्त तिथे सलाईन त्याच क्षणी सुरू करावं लागतं.

आता त्या दुसऱ्या पिल्लाकडे वळू, जे जुलाब होत असूनही शेपटी हलवत दारात येतं. त्याच्या आतड्यात जंत असतील का, हा प्रश्न ‘असतीलच’ असं धरून विचारावा. कुत्र्यांचा गोल जंत, टोक्सोकारा, पिल्लू जन्मायच्या आधीच त्याच्यात शिरतो. मादीच्या स्नायूंमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडलेल्या अळ्या गाभणपणाच्या साधारण 42 व्या दिवसापासून जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांत उतरतात. पिल्लू तीन आठवड्यांचं होतं न होतं तोच त्याच्या शीमध्ये अंडी दिसू शकतात. आकडीसारखे दात असलेला दुसरा जंत आईच्या दुधातून येतो आणि आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पितो. अशी पिल्लं पातळ, काळसर शी करतात आणि फिकी पडतात. हे माहीत असल्यामुळेच दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात जंताचं औषध द्यावं असा प्रघात आहे. ‘आमच्या पिल्लाचं डीवर्मिंग झालंय’ हे वाक्य दवाखान्यात फार आत्मविश्वासाने उच्चारलं जातं, पण ते अर्धवट आहे. औषध आतड्यातल्या जंतांना मारतं. फुप्फुसांतून, ऊतींमधून अजून प्रवासात असलेल्या अळ्या त्याच्या तावडीत येत नाहीत आणि पंधरा दिवसांनी आतड्यात पोहोचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जंताच्या साध्या गोळीचा एक डोस आतड्यातल्या एकपेशीय परजीवींचं काहीच बिघडवत नाही, आणि रेंगाळणाऱ्या जुलाबांत खरे संशयित पुष्कळदा तेच असतात. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया ही त्यांची नावं.

जिआर्डियाकडे जरा सविस्तर पाहू, कारण या एका जीवाच्या वागण्यात सगळ्या युक्तिवादाचं मूळ आहे. हॉलंडच्या लेव्हेनहुकने 1681 मध्ये स्वतःला जुलाब झालेले असताना स्वतःची शी आपल्या भिंगाखाली ठेवली आणि तिथे त्याला हा हलणारा जीव दिसला, असं मानलं जातं. आपण करायला कचरतो ते काम साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कापड व्यापाऱ्याने केलं होतं. जिआर्डिया आतड्याच्या आतल्या थराला चिकटून राहतो, अन्नरसाचं, विशेषतः स्निग्धाचं शोषण बिघडवतो, आणि बाहेर पडताना टणक कवचाची गाठोडी, म्हणजे सिस्ट, बनवून पडतो. ही सिस्ट साधारण दहा मायक्रॉनची असते, बाहेर पडताक्षणीच संसर्ग करू शकते आणि गार, ओलसर जागी आठवडेच्या आठवडे टिकते. नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन तिला सहसा पुरेसं मारत नाही. ती उकळल्याने मरते, बारीक गाळणीत अडकते, आणि कोरड्या कडक उन्हात फार टिकत नाही. शी मऊ, फिकट, कधी चिकट आवाची, कधी हिरवट झाक असलेली, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि पिल्लू एरवी ठणठणीत, हे या संसर्गाचं नेहमीचं रूप.

गारखेड्याचं पाणी इथे प्रश्नात येतं. शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. 1976 मध्ये पूर्ण झालेला हा नाथसागर जवळजवळ पन्नास किलोमीटरवर आहे. पाणी फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढतं आणि तिथून वस्त्यांत उतरतं. शहराची वाढ आणि जुन्या जलवाहिन्यांची क्षमता यांचा मेळ कधीच सुटला. नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांचा खंड पडतो, आणि याच प्रश्नावर मे 2022 मध्ये शहरात जल आक्रोश मोर्चा निघाला. परिणाम घराघरांत दिसतो. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मोरीत पिंप, अधूनमधून टँकर. म्हणजे पाणी नळातून ताजं पिण्याऐवजी आठवडाभर साठवून वापरलं जातं. त्याबरोबर घरात पाण्याचे दोन वर्ग पडतात, प्यायचं आणि वापरायचं. आरओचं किंवा जारचं पाणी माणसांना. कुत्र्याच्या भांड्यात सहसा पिंपातलं. गच्चीवर किंवा अंगणात शी केलेलं पिल्लू त्याच ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि पिंपाशेजारी ठेवलेल्या भांड्यात तोंड घालतं.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. पिल्लाला जिआर्डिया महानगरपालिकेच्या पाण्यातून झाला असं यावरून म्हणता येत नाही. बहुतेक पिल्लांना तो जिथे जन्म झाला तिथेच, आई आणि भावंडांच्या विष्ठेतून मिळालेला असतो. साठवलेल्या पाण्याचा आणि ओलसर गच्चीचा वाटा पुढचा आहे: औषधाने हटलेला संसर्ग त्याच घरात परत परत मिळत राहतो. उपचार होऊनही जुलाब उलटतात तेव्हा औषध चुकलं असं वाटतं, पण पुष्कळदा औषध बरोबर असतं आणि भांडं, फरशी, शेपटीखालचे केस तसेच राहिलेले असतात. म्हणून औषधाचा शेवटचा दिवस आला की पिल्लाला शांपूने अंघोळ घालावी, मागची बाजू नीट धुवावी. शी पडल्या पडल्या उचलावी. फरशी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. आणि पिल्लाच्या भांड्यात घरच्यांचंच पाणी ओतावं. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमधलं ऊन इथे आपल्या बाजूने असतं. आषाढ-श्रावणात ते नसतं, आणि पावसाळ्यात जुलाब जास्त चिवट वाटतात त्यात याचाही भाग असावा असं मला वाटतं.

आता तपासणीविरुद्धचा सर्वांत जोरदार आक्षेप घेऊ. जाणकार विचारतील, निरोगी कुत्र्यांच्या शीमध्येही जिआर्डिया सापडतो, मग तो सापडला म्हणून तोच गुन्हेगार कशावरून? आक्षेप खरा आहे. परजीवींवर मार्गदर्शन करणाऱ्या संस्थाही लक्षणं नसलेल्या कुत्र्याला केवळ अहवालासाठी औषध देऊ नका म्हणतात. कॉक्सिडियाची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. अंगणातल्या कोंबडीची विष्ठा किंवा रस्त्यावरच्या शेळीच्या लेंड्या खाल्लेल्या पिल्लाच्या शीमध्ये आयमेरिया नावाच्या जीवाची सिस्टसारखी गाठोडी दिसतात. ती कोंबडी-शेळीची असतात, पिल्लाच्या आतड्यातून नुसती पार झालेली, आणि त्याला काही करत नाहीत. डोळा तयार नसेल तर त्यांच्यासाठीही औषध लिहिलं जातं. पण या सगळ्यातून निघतं ते इतकंच की अहवाल लक्षणांशेजारी ठेवून वाचायचा असतो. पिल्लाला जुलाब आहेत, जिआर्डिया सापडला, तर योग्य औषध पूर्ण दिवस द्यायचं, मग परत तपासायचं. जिआर्डिया गेला आणि जुलाबही गेले, तर प्रश्न मिटला. जिआर्डिया गेला पण जुलाब राहिले, तर तो निर्दोष ठरला आणि पुढच्या संशयिताकडे जाता येतं. या मार्गात प्रत्येक पायरीवर काहीतरी कळतं. आंधळ्या गोळीने काहीच कळत नाही.

उलट ती गोळी कळायचं तेही पुसून टाकते. आपल्याकडे जुलाब म्हटलं की मेट्रोनिडाझोल, असं समीकरण माणसांच्या औषधांवरून कुत्र्यांकडे आलं आहे. हे औषध जिआर्डियावर काही प्रमाणात चालतं. पूर्ण नायनाट करीलच असं नाही, पण सिस्टची संख्या काही दिवस घटते आणि शी बांधून येते. शी बांधल्यावर डॉक्टरांकडे नमुना नेला तर त्यात काही सापडत नाही. जिआर्डिया तसाही रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही, म्हणूनच एका नमुन्यावर विसंबू नये, तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने पाहावेत असं सांगतात. अर्धा दबलेला जीव आणि एकच नमुना मिळून ‘रिपोर्ट नॉर्मल’ तयार होतो. आठवडाभराने जुलाब उलटतात, आणि आता घरच्यांची खात्री झालेली असते की जंत-बिंत काही नाहीत, पोटच नाजूक आहे. अशा रीतीने साध्या संसर्गाचा जुनाट आजार होतो.

मेट्रोनिडाझोलने फरकच पडत नाही असं मात्र म्हणू नये, ते खोटं ठरेल. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अचानक जुलाब लागलेल्या कुत्र्यांपैकी काहींना हे औषध आणि काहींना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली गेली. औषधवाल्यांचे जुलाब सरासरी 2.1 दिवसांत थांबले, पोकळ गोळीवाल्यांचे 3.6 दिवसांत. दीड दिवसाचा फायदा झाला. पण वर्षभर आधीच्या, तशाच पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीत औषधाने 4.6 दिवस आणि पोकळ गोळीने 4.8 दिवस लागले, म्हणजे फरक नाहीच. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर दिसतं ते असं: औषध न घेताही बहुतेक कुत्री चार-पाच दिवसांत बरी होतात, आणि औषधाचा फायदा असलाच तर दीडेक दिवसाचा. त्याची किंमत वेगळ्या खात्यात पडते. निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे मेट्रोनिडाझोल देऊन त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची मोजदाद केली, तेव्हा पित्ताम्लांचं रूपांतर करणारे उपयोगी जिवाणू घटलेले दिसले, आणि औषध थांबवल्यावर चार आठवड्यांनीही घडी पूर्ण बसलेली नव्हती. तो प्रयोग निरोगी कुत्र्यांवरचा होता. ज्याच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती अजून वसायचीच आहे अशा दोन महिन्यांच्या पिल्लाला महिन्यातून तीनदा हेच दिलं तर पोट ‘नाजूक’ होण्यात नवल नाही. 2024 मध्ये युरोपातल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या गटाने कुत्र्यांच्या तीव्र जुलाबांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सौम्य आणि मध्यम आजारात प्रतिजैविक देऊ नये असंच म्हटलं आहे.

मेडिकलवरच्या इतर गोळ्यांबद्दल थोडक्यात. नॉरफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली औषधं वाढत्या वयाच्या पिल्लांच्या सांध्यांतल्या कूर्चेला इजा करू शकतात, म्हणून घरातली उरलेली अर्धी गोळी देण्याचा मोह टाळावा. जुलाब दाबणारं लोपेरामाइड कोली जातीच्या आणि तिच्याशी नातं असलेल्या अनेक कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम करतं, कारण त्यांच्यात ते औषध मेंदूबाहेर ठेवणारं एक जनुक बिघडलेलं असतं. शिवाय संसर्ग असताना आतड्याची हालचाल बंद करणं म्हणजे आतलं आतच ठेवणं.

खाण्याचा मुद्दा यानंतर येतो, आणि त्यावर घरोघर ठाम मतं असतात. दुधापासून सुरुवात करू. कुत्रीच्या दुधात सुमारे 9 टक्के स्निग्ध, 7-8 टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास दुग्धशर्करा असते. गाईच्या दुधात दुग्धशर्करा 5 टक्क्यांच्या जवळ, प्रथिनं निम्म्याहून कमी. म्हशीच्या दुधात स्निग्ध बरंच, पण दुग्धशर्करा तितकीच. आईचं दूध सुटत जातं तसं ती शर्करा पचवणारं विकर पिल्लाच्या आतड्यात कमी होत जातं. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पाणी ओढते आणि तिथले जिवाणू तिच्यावर वायू करतात. दुधात पाणी घालून हा प्रश्न सुटत नाही, पिल्लाला पोषण मात्र कमी मिळतं. सेरेलॅकमध्येही दुधाची भुकटी असते. ते माणसाच्या बाळाचं अन्न आहे, पिल्लाला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातून मिळत नाही. दही चमचाभर चालतं, कारण विरजणाने काही शर्करा आधीच खाल्लेली असते, पण दही म्हणजे उपचार नव्हे.

यावर हमखास येणारं उत्तर असं: गावाकडची कुत्री ताक-भाकरीवर, उष्ट्यावर वाढली, त्यांना कुठलं डॉग फूड आणि कुठले जुलाब? लातूर जिल्ह्यात जानवळच्या बाजूला पश्मी, कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात, ती काय पाकिटातलं खाऊन शिकारी झाली? या आक्षेपातला अर्धा भाग मान्य करायला हवा. कुत्रा लांडग्यासारखा निव्वळ मांसभक्षक राहिलेला नाही. 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पिष्ट पचवणारं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या खरकट्यावर जगताजगता कुत्रा भाकरी पचवायला शिकला. त्यामुळे भात-भाकरी हे जुलाबांचं कारण सहसा नसतं, आणि महागडं पाकीट हे त्याचं औषधही सहसा नसतं. उरलेला अर्धा भाग मात्र फसवा आहे. गावातली जी कुत्री आपल्याला दिसतात ती जगलेली असतात. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी 95 वेतांतल्या 364 मोकाट पिल्लांचा मागोवा घेतला. त्यांतली फक्त 19 टक्के पिल्लं प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली. मेलेल्यांत बहुसंख्य माणसांमुळे मेली, गाड्यांखाली येऊन किंवा उचलून नेल्यामुळे, पण रोगाने गेलेलीही होतीच. ती मोजदाद आपल्या आठवणीत नसते. घरी आणलेल्या एकुलत्या एक पिल्लासाठी पाचातलं एक जगण्याचा हिशेब कुणी मान्य करणार नाही.

लंघनाचा मुद्दा याच संदर्भात येतो. पोट बिघडलं की उपास, ही आपली जुनी समजूत मोठ्या माणसाला कदाचित सोसते. पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. लहान जातीचं पिल्लू बारा तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरून गळून पडू शकतं. दक्षिण आफ्रिकेत 2003 साली पार्वो झालेल्या 30 कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात ज्यांना उलट्या थांबायची वाट न पाहता नळीतून लवकर अन्न दिलं, ती लवकर सुधारली आणि त्यांचं वजन भरलं. आतड्याच्या आतल्या थराचं पोषण बऱ्याच अंशी त्याच्यातून जाणाऱ्या अन्नावरच होतं. तेव्हा जुलाब होणाऱ्या पिल्लाला थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, मऊ भात आणि कांदा-लसूण-तेल-मिठाशिवाय शिजवलेलं कोंबडीचं मांस द्यावं, शाकाहारी घरांत ते चालत नसेल तर डॉक्टरांना विचारून त्यांनी सुचवलेलं पचायला हलकं तयार अन्न. पाणी कधीही काढून घेऊ नये.

परजीवी नाहीत हे तीन नमुन्यांनी सिद्ध झालं, जंताची औषधं वेळेवर झाली, आणि तरीही तीन आठवड्यांहून अधिक काळ जुलाब चालूच आहेत, अशी पिल्लं थोडी उरतात. त्यांच्यासाठी पुढची पायरी एकच अन्न. एक पचायला सोपं अन्न निवडायचं, आणि दोन आठवडे त्याशिवाय तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. आजीच्या हातचं बिस्किट, मुलांनी टेबलाखाली टाकलेला पोळीचा तुकडा, चिकट गोड चघळण्या, सगळं बंद. कुत्र्यांच्या जुनाट जुलाबांपैकी निम्म्याहून अधिक नुसत्या अन्नबदलाला प्रतिसाद देतात, आणि तो प्रतिसाद बहुधा या दोन आठवड्यांतच दिसतो. अडचण एवढीच की बहुतेक घरांत चौथ्या दिवशी ब्रँड बदलतो. माझ्या मते रेंगाळलेल्या जुलाबांवरचं सर्वांत अवघड औषध हेच आहे, कारण ते सगळ्या घराला घ्यावं लागतं. त्यानेही न सुधारणाऱ्या पिल्लांत स्वादुपिंडाची विकरं कमी पडणं, जे जर्मन शेफर्डमध्ये जास्त आढळतं आणि ज्यात पिल्लू खादाड असूनही हाडं दिसतात, यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी, किंवा गिळलेला मोजा अशी कारणं शोधावी लागतात. त्यासाठी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी असते. ती यादी लांब आहे, पण तिथवर पोहोचायची वेळ थोड्यांवरच येते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. तपासणी करायची कुठे, आणि खासगी दवाखान्यात सगळे एवढा वेळ देतात का? शहरात खडकेश्वर भागात शासनाचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, गुंतागुंतीच्या आजारासाठी परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं, आणि गारखेड्यातल्या कुठल्याही चांगल्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असतोच. तो वापरायला सांगणारा ग्राहक कमी असतो. शीची साधी तपासणी महागड्या अन्नाच्या एका पाकिटाहून बहुधा स्वस्त पडते. घरात रांगतं मूल असेल तर ती आणखी आवश्यक ठरते, कारण टोक्सोकाराची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते, ती अंडी दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि माती तोंडात घालणारी मुलंच त्यांना बळी पडतात.

तेव्हा पुढच्या वेळी जुलाब तीन दिवसांहून लांबले तर मेडिकलच्या आधी घरातली कोरडी, झाकणाची डबी शोधा. तीत फिनाइल वा साबणाचा अंश नको. शी पडल्या पडल्या वरच्या थरातली चमचाभर घ्या, मातीला टेकलेली नको, कारण मातीतल्या अळ्या तपासणाऱ्याची दिशाभूल करतात. दोन तासांत पोहोचवता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, पिशवीत गुंडाळून ठेवा. बर्फाच्या कप्प्यात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. असे तीन वेगळ्या दिवसांचे नमुने द्या, प्रत्येकावर तारीख लिहा, आणि सोबत एका कागदावर पिल्लाने काय खाल्लं, कोणती औषधं कोणत्या दिवशी दिली, जंताचं औषध आणि लसी कधी झाल्या, एवढं लिहून न्या. पहिली गोळी या तपासणीनंतर द्या.